इलेक्ट्रिक कार घेताय? महाराष्ट्रात सरकारकडून काय मिळतं आणि ते पदरात कसं पाडून घ्यायचं

शोरूममध्ये इलेक्ट्रिक कार बघायला गेलेल्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, “सबसिडी किती बसते?” सेल्सवाला पोरगाही तोंडपाठ आकडा सांगून मोकळा होतो. प्रश्न चुकीचा नाही, पण त्याचा नंबर पहिला नाही. महाराष्ट्रात खासगी इलेक्ट्रिक कारवर सरकार जे सोडतं, त्यातला खात्रीचा भाग सबसिडी या नावाने येतच नाही. तो न लावलेल्या करात असतो: जीएसटी कमी आणि मोटार वाहन कर शून्य. त्यासाठी अर्ज करावा लागत नाही, कुणाला भेटावं लागत नाही. तरीही लोकांचे पैसे नेमके तिथेच निसटतात, कारण कोटेशनचा कागद ओळीओळीने वाचायचा कंटाळा येतो. सबसिडी मिळाली तर उत्तम, पण बजेट मात्र ती नाही असं धरूनच बसवायचं, असं माझं स्पष्ट मत आहे.

खाली सगळं क्रमाने दिलं आहे. गाडी बुक करण्याआधी एकदा वाचून घ्या. बुकिंगची रक्कम भरल्यावर घासाघीस करायची ताकद निम्मी होते.

आधी डोक्यातून काढून टाकायच्या तीन गोष्टी

पहिली, केंद्राची सबसिडी. ‘फेम’ योजनेचा दुसरा टप्पा १ एप्रिल २०१९ ते ३१ मार्च २०२४ असा चालला. त्यात चारचाकीला अनुदान होतं, पण ते टॅक्सीसारख्या व्यावसायिक वापराच्या गाड्यांना. घरच्या वापराच्या कारला तेव्हाही काही नव्हतं. १ ऑक्टोबर २०२४ पासून १०,९०० कोटी रुपयांची ‘पीएम ई-ड्राइव्ह’ योजना आली. ती दुचाकी, तीनचाकी, बस, ट्रक, रुग्णवाहिका आणि चार्जिंग स्टेशन यांच्यासाठी आहे. खासगी कार त्यातही नाही. तेव्हा “सेंट्रलची सबसिडी आम्ही आधीच वजा केलीय” असं कुणी म्हणालं, तर त्याला ती ओळ कागदावर दाखवायला सांगा.

दुसरी गोष्ट जास्त लोकांना फसवते. आयकरातलं कलम ८०ईईबी. इलेक्ट्रिक गाडीच्या कर्जावरच्या व्याजाची वर्षाला दीड लाखापर्यंत वजावट. जुने व्हिडिओ आणि जुने लेख अजून ही वजावट चालू असल्यासारखी सांगतात. प्रत्यक्षात कर्ज १ एप्रिल २०१९ ते ३१ मार्च २०२३ या काळात मंजूर झालेलं असलं पाहिजे. त्यानंतर मुदत वाढली नाही. आज कर्ज काढलंत तर ही वजावट नाही, विषय संपला.

पण ज्यांचं कर्ज त्या काळातलं आहे त्यांनी ती सोडू नये. कर्ज फिटेपर्यंत दर वर्षी ती घेता येते. अटी एवढ्याच: कर्ज बँकेचं किंवा नोंदणीकृत वित्तसंस्थेचं हवं, काकांकडून घेतलेले हातउसने पैसे चालत नाहीत. गाडी व्यक्तीच्या नावावर हवी, कंपनी किंवा एचयूएफच्या (हिंदू अविभक्त कुटुंबाच्या) नाही. आणि रिटर्न जुन्या करप्रणालीतच भरलेलं हवं. गाडी हातात कधी आली याला महत्त्व नाही, मंजुरीपत्रावरची तारीख बघतात. मार्च २०२३ मध्ये सात वर्षांसाठी कर्ज मंजूर झालेल्या माणसाला २०३० पर्यंत याचा उपयोग आहे. ३० टक्क्यांच्या पट्ट्यात बसणाऱ्याने पूर्ण दीड लाखाचं व्याज भरलं असेल, तर सेससह ४६,८०० रुपये वाचतात. अर्थात एवढ्यासाठी जुनी करप्रणाली परवडते का, हा हिशेब आधी मांडून बघावा लागतो. नव्या प्रणालीत पट्टे सैल झाल्यापासून बऱ्याच जणांना ती परवडत नाही.

तिसरी, अमेरिकेतल्या भावंडांनी फोनवर सांगितलेली साडेसात हजार डॉलरची टॅक्स क्रेडिट. ती तिकडची आणि तिकडेही ३० सप्टेंबर २०२५ नंतर घेतलेल्या गाड्यांना बंद झाली. त्या तारखेआधी गाडी घेतलेल्या तिकडच्या मराठी मंडळींनी त्या वर्षीच्या रिटर्नला ८९३६ क्रमांकाचा फॉर्म जोडला का, एवढं तपासावं. डीलरकडेच क्रेडिट वळवून किंमत कमी करून घेतली असली तरी तो फॉर्म लागतो. आपल्याकडच्या हिशेबाशी याचा काही संबंध नाही.

पायरी १: गाडी कुणाच्या नावावर, हे सगळ्यात आधी ठरवा

हा निर्णय आपण भावनेने घेतो. आईच्या नावावर, बायकोच्या नावावर, पहिली गाडी म्हणून मुलीच्या नावावर. त्याला माझी हरकत नाही, पण त्याचे करातले परिणाम आधी बघा.

गाडीची किंमत १० लाखांच्या वर गेली की डीलर एक टक्का टीसीएस घेतो. तोही पूर्ण किमतीवर, १० लाखांच्या वरच्या भागावर नाही. इलेक्ट्रिक कारला यातून सूट नाही. १५ लाखांच्या गाडीवर १५,००० रुपये. हा खर्च नाही, तो तुमच्या पॅनवर आगाऊ जमा झालेला आयकर आहे. ज्याच्या नावाने बिल, त्याच्या पॅनवर तो जातो. आता बिल आईच्या नावाने फाडलं आणि आईला करपात्र उत्पन्न नाही, रिटर्नही कधी भरलेलं नाही, तर ते १५,००० रुपये परत आणायला तिच्या नावाने रिटर्न भरावंच लागतं. पोर्टलवर नोंदणी, बँक खात्याची पडताळणी, ई-व्हेरिफिकेशन, सगळं आलं. करता येतं, अवघड काही नाही. पण बरेच जण करत नाहीत आणि पैसे सरकारकडे राहतात. पॅन दिलाच नाही तर दर आणखी चढतो.

दुसरा फाटा बीएच मालिकेचा, म्हणजे राज्य बदललं तरी देशभर चालणाऱ्या ‘भारत’ नंबरचा. केंद्र सरकारी नोकरीतले, संरक्षण दलातले आणि चार किंवा अधिक राज्यांत कार्यालयं असलेल्या खासगी कंपन्यांतले कर्मचारी ‘बीएच’ नंबर घेऊ शकतात. पेट्रोल गाडीवाल्याला यात सोय आहे, एकरकमी कर भरायच्या जागी दोन-दोन वर्षांचा भरायचा. इलेक्ट्रिक गाडीवाल्याने मात्र दोनदा विचार करावा. बीएच मालिकेत कराचे दर केंद्राच्या नियमात ठरलेले आहेत: १० लाखांपर्यंत ८ टक्के, १० ते २० लाख १० टक्के, त्यावर १२ टक्के. इलेक्ट्रिकला त्यात फक्त दोन टक्के कमी. म्हणजे ‘एमएच’ नंबर घेतला असता तर जो कर शून्य होता, तो बीएचच्या हौसेपायी ६, ८ किंवा १० टक्क्यांच्या दराने हप्त्याहप्त्याने भरत बसायचं. दर दोन-तीन वर्षांनी खरोखर राज्य बदलणाऱ्यालाच हे परवडेल. पुण्यात फ्लॅट घेऊन मुलांच्या शाळा लागल्या असतील, तर एमएचच घ्या.

धंद्याच्या नावावर घ्यायची असेल तर गणित वेगळंच होतं. त्यासाठी पुढे स्वतंत्र भाग आहे.

पायरी २: कोटेशन मागा आणि ओळीओळीने वाचा

तोंडी किंमत किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला ‘ऑन-रोड इतके’ असा एक आकडा चालणार नाही. डीलरच्या लेटरहेडवर सगळ्या ओळी सुट्या केलेलं कोटेशन घ्या. मग पेन्सिल घेऊन बसा.

एक्स-शोरूम किंमत. यात जीएसटी आलेला असतो. इलेक्ट्रिक कारवरचा जीएसटी १ ऑगस्ट २०१९ पासून १२ वरून ५ टक्क्यांवर आला, तो तसाच आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून पेट्रोल-डिझेल गाड्यांचे दर बदलले: चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल आणि १५०० सीसीपर्यंतच्या डिझेल गाड्यांना १८ टक्के, त्याहून मोठ्यांना ४० टक्के. मोठ्या हायब्रिडही ४० मध्येच. करापूर्वीची किंमत १२ लाख धरली तर इलेक्ट्रिकवर ६० हजार जीएसटी लागतो, छोट्या पेट्रोलवर २ लाख १६ हजार आणि मोठ्या पेट्रोलवर ४ लाख ८० हजार. इथे एक गोष्ट मान्य करायला हवी. छोट्या गाड्यांचा कर उतरल्यापासून छोट्या इलेक्ट्रिक गाडीचं करातलं आकर्षण पूर्वीइतकं राहिलेलं नाही. अंतर १३ टक्क्यांचं उरलं आणि बॅटरीची किंमत ते बरंचसं खाऊन टाकते. मोठ्या गाडीत फरक अजून दणदणीत आहे.

टीसीएस. वर सांगितलंच. कोटेशनमध्ये ही ओळ वेगळी असली पाहिजे, ‘इतर शुल्क’ या गठ्ठ्यात लपलेली नको.

आणि आता आरटीओची ओळ. माझं सगळ्यात जास्त लक्ष इथे असतं.

महाराष्ट्रात पेट्रोलच्या खासगी गाडीला एकरकमी मोटार वाहन कर किमतीच्या ११ टक्के (१० लाखांपर्यंत), १२ टक्के (१० ते २० लाख) आणि १३ टक्के (२० लाखांवर) असा लागतो. डिझेलला प्रत्येक पट्ट्यात दोन टक्के जास्त. १५ लाखांच्या पेट्रोल गाडीला सुमारे १ लाख ८० हजार. इलेक्ट्रिकला शून्य. वरून केंद्राच्या ऑगस्ट २०२१ च्या अधिसूचनेमुळे बॅटरीवरच्या वाहनांना नोंदणी प्रमाणपत्र देण्याची आणि नूतनीकरणाची फीदेखील माफ आहे. मग आरटीओच्या ओळीत उरतं काय? स्मार्ट कार्डचे २०० रुपये, टपाल आणि गाडी कर्जावर असेल तर बोजा चढवायचे, म्हणजे हायपोथिकेशनचे, १,५०० रुपये. पसंतीचा नंबर घेतला तर त्याची फी वेगळी, तिला माफी नाही. हाय सिक्युरिटी नंबरप्लेट नव्या गाडीला कंपनीकडूनच येते.

म्हणजे आरटीओच्या ओळीत दोन-अडीच हजारांपेक्षा फार मोठा आकडा दिसायला नको. पाहण्यात आलेल्या एका कोटेशनमध्ये ‘आरटीओ व इतर’ अशा नावाखाली १८ हजारांच्या वर रक्कम होती. फोड मागितल्यावर त्यातून ‘हँडलिंग’, ‘लॉजिस्टिक’ आणि ‘फाइल चार्जेस’ असे तीन पाहुणे निघाले. गाडी गोदामातून शोरूममध्ये आणण्याचा खर्च हा डीलरचा धंद्याचा खर्च आहे, तो एक्स-शोरूम किमतीत आलेला असतो. शांतपणे एवढंच म्हणा, “सरकारी पावती ज्या रकमेची मिळेल तेवढेच पैसे मी देतो.” भांडायची गरज पडत नाही, ओळ खोडली जाते. पेट्रोल गाडीच्या लाखभर करात असे आकडे लपून जातात. इलेक्ट्रिकच्या कोटेशनमध्ये कर शून्य असल्याने ते उघडे पडतात, फक्त बघणारा हवा.

अ‍ॅक्सेसरीज, एक्स्टेंडेड वॉरंटी, कोटिंग यातलं काहीही सक्तीचं नाही. घरी बसवायच्या चार्जरचं बिल वेगळं असेल तर चार्जरवरही जीएसटी ५ टक्केच आहे. सगळ्या बिलावर सरसकट १८ टक्के लावले असतील तर विचारा. वायरिंग आणि बसवण्याच्या मजुरीला १८ लागू शकतात, यंत्राला नाही.

पायरी ३: राज्याचं अनुदान

राज्याचं २०२१ चं धोरण ३१ मार्च २०२५ ला संपलं. नव्या धोरणाला मंत्रिमंडळाने २९ एप्रिल २०२५ ला मंजुरी दिली, त्याचा शासन निर्णय मे महिन्यात निघाला. मुदत १ एप्रिल २०२५ ते ३१ मार्च २०३०, तरतूद १,९९३ कोटी. जुन्या धोरणात बॅटरीच्या दर किलोवॅट-तासाला पाच हजार असं गणित होतं, नव्यात मूळ किमतीच्या टक्क्यात आहे. खासगी कारला १० टक्के, जास्तीत जास्त दीड लाख. टॅक्सी म्हणून नोंदवलेल्या गाडीला मर्यादा दोन लाखांची.

मूळ किंमत म्हणजे जीएसटी चढण्याआधीची. १५ लाख एक्स-शोरूमच्या गाडीची मूळ किंमत १४ लाख २८ हजारांच्या आसपास पडते, म्हणजे १० टक्क्यांनी १ लाख ४२ हजार. ऑन-रोड किमतीवर १० टक्के काढून स्वप्न बघू नका.

आता माझी सावधगिरी कुठून येते ते सांगतो. ही रक्कम सगळ्यांना नाही. प्रत्येक प्रकारच्या वाहनांसाठी संख्येची मर्यादा आहे, तेवढी वाहनं झाली की दार बंद. पैसे तरतुदीतून यायचे असतात. त्यामुळे धोरणात नाव असणं आणि तुमच्या बिलात वजावट असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणून डीलरला तीनच प्रश्न विचारा आणि उत्तरं ईमेलवर घ्या. हे मॉडेल, हे व्हेरियंट सध्या राज्याच्या अनुदानाला पात्र आहे का? रक्कम बिलातून थेट वजा होणार की नंतर येणार? नंतर येणार असेल तर अर्ज कोण करणार आणि पैसे कुणाच्या खात्यात येणार?

उत्तर “बिलातून वजा” असेल तर अंतिम टॅक्स इन्व्हॉइसवर अनुदानाची वेगळी ओळ दिसली पाहिजे. कंपनीची सूट आणि सरकारचं अनुदान एकाच ओळीत कालवलेलं असेल तर फोड करून घ्या. कित्येकदा कंपनीची महिनाअखेरची सूटच ‘सबसिडी’ म्हणून खपवली जाते. “सर, नंतर येईल, सगळ्यांचं येतं” असं उत्तर मिळालं, तर ती रक्कम शून्य धरून गाडी परवडते का ते बघा. परवडत असेल तर घ्या. आलीच तर दिवाळी.

कागद मात्र तयार ठेवा: आधार, पॅन, पत्त्याचा महाराष्ट्रातला पुरावा, रद्द केलेला धनादेश, इन्व्हॉइस, आरसी. सगळीकडे नाव एकाच पद्धतीने लिहिलेलं असावं. आधारवर वडिलांचं नाव मध्ये आणि पॅनवर नुसतं आद्याक्षर असल्या किरकोळ फरकांनी सरकारी रकमा अडकतात. मूळ शासन निर्णय राज्य शासनाच्या संकेतस्थळावर मराठीत आहे. तो स्वतः डाउनलोड करून वाहनांच्या प्रकारांचा तक्ता बघा. नंतर शुद्धिपत्रकं निघाली असतील तर तीही तिथेच मिळतात.

जाता जाता एक गोष्ट. मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात ३० लाखांवरच्या इलेक्ट्रिक गाड्यांना सहा टक्के कर लावायचा प्रस्ताव होता. त्याच महिन्यात मुख्यमंत्र्यांनी तो मागे घेत असल्याचं सभागृहात सांगितलं. त्यामुळे साठ लाखांची परदेशी इलेक्ट्रिक गाडीही मोटार वाहन कराविना रस्त्यावर येते, तर सात लाखांची पेट्रोल गाडी घेणारा ७० हजारांवर कर भरतो. धोरण म्हणून मला हे पटत नाही. पण तुम्ही घेणारे असाल, तर हक्काचं सोडायचं कारण नाही.

पायरी ४: विमा

इथली सवलत छोटी आहे आणि ती आपोआप मिळते. थर्ड पार्टी विम्याच्या हप्त्यात इलेक्ट्रिक गाड्यांना १५ टक्के सूट २०२२ च्या नियमांपासून आहे. वर्षाचा हप्ता मोटरच्या ताकदीवर ठरतो: ३० किलोवॅटपर्यंत १,७८० रुपये, ३० ते ६५ किलोवॅट २,९०४ आणि ६५ च्या वर ६,७१२. नव्या कारला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदमच घ्यावा लागतो, तो अनुक्रमे ५,५४३, ९,०४४ आणि २०,९०७. हे आकडे जीएसटी सोडून. इथे किलोवॅट म्हणजे मोटरची ताकद, बॅटरीची क्षमता नव्हे. ती किलोवॅट-तासात असते, आणि कोटेशन करणारेही कधीकधी गल्लत करतात. तुमच्या गाडीची मोटर ५५ किलोवॅटची आणि हप्ता २०,९०७ लावला असेल तर पट्टा चुकला आहे.

खरा खर्च ओन डॅमेजमध्ये, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्यात असतो आणि त्यावर सरकारी सूट नाही. डीलरकडचाच विमा घ्यायची सक्तीही नाही. बाहेरचं एक कोटेशन हातात असलं की डीलरचा आकडा खाली येतो.

पायरी ५: आरसी आल्यावर

नोंदणी प्रमाणपत्रावर इंधनाचा रकाना बघा. तिथे इलेक्ट्रिक असल्याची नोंद हवी. पुढच्या सगळ्या सवलती या एका नोंदीवर चालतात. मालकाचं नाव, पत्ता, मोबाइल नंबर बरोबर आहे का तेही बघा. खासगी इलेक्ट्रिक गाडीला हिरव्या पाटीवर पांढरी अक्षरं, टॅक्सीला हिरव्यावर पिवळी. तुम्हाला पांढरी पाटी मिळाली असेल तर काहीतरी गडबड आहे, गाडी बाहेर काढण्याआधी विचारा.

पायरी ६: टोल

नव्या धोरणाप्रमाणे अटल सेतू, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्ग या तीन रस्त्यांवर इलेक्ट्रिक कारला टोलमाफी आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये अटल सेतूपासून सुरुवात झाली. कारचा एकेरी टोल अटल सेतूवर २५० आणि द्रुतगती मार्गावर २०२३ पासूनच्या दराने ३२०. महिन्यातून दोनदा पुणे-मुंबई जाऊन येणाऱ्याचे वर्षाला १५ हजारांवर वाचतात. गाडी पाच-सात वर्षं वापरलीत तर ही सवलत बऱ्याच जणांच्या सबसिडीला मागे टाकेल.

कागदावर माफी असूनही फास्टॅगमधून पैसे कापले गेल्याच्या तक्रारी बऱ्याच झाल्या, विषय विधानसभेपर्यंत गेला. म्हणून गाडी आली की फास्टॅग गाडीच्या पक्क्या नंबरवर आणलेला आहे का ते तपासा. तो चासी नंबरवरच राहिलेला असतो आणि मग यंत्रणेला गाडी इलेक्ट्रिक आहे हे कळत नाही. बँकेच्या अ‍ॅपमध्ये आरसीची प्रत चढवून ते अद्ययावत करून घ्या. पैसे कापले गेलेच तर टोल नाक्यावर हुज्जत घालून मागची रांग खोळंबवण्यापेक्षा कापल्याचा संदेश, वेळ आणि नाक्याचं नाव जपून ठेवा आणि फास्टॅग देणाऱ्या बँकेकडे व टोल चालवणाऱ्या महामंडळाकडे लेखी तक्रार टाका. राष्ट्रीय महामार्गांवरच्या नाक्यांना ही माफी लागू नाही. कोल्हापूरकडे निघालात तर पुण्यानंतर नेहमीसारखे पैसे जाणारच.

पायरी ७: टीसीएस परत मिळवा

गाडी घेतल्यावर पुढच्या तिमाहीत आयकर पोर्टलवर तुमच्या २६एएसमध्ये, म्हणजे तुमच्या पॅनवर जमा झालेल्या कराच्या तक्त्यात, डीलरच्या नावासमोर ती रक्कम दिसायला हवी. दिसली नाही तर डीलरच्या अकाउंट्स विभागाला फोन करा. त्यांनी पॅन चुकीचा टाकलेला असण्याची शक्यता जास्त. रिटर्न भरताना ती रक्कम करातून वजा होते, कर त्याहून कमी असेल तर परतावा येतो.

नोकरदारांना वर्षभर थांबायचीही गरज नाही. ऑक्टोबर २०२४ पासून हा टीसीएस तुम्ही मालकाला कळवू शकता आणि त्याप्रमाणे पगारातला टीडीएस कमी होतो. गाडी एप्रिल-मेमध्ये घेतली असेल तर याचा उपयोग आहे. मार्चमध्ये घेतली असेल तर सरळ रिटर्नमध्येच दाखवा.

धंद्यासाठी गाडी घेणाऱ्यांसाठी

इलेक्ट्रिकचा करातला खरा फायदा इथे आहे, आणि डॉक्टर, वकील, छोटे कारखानदार यांनी तो नीट मांडून बघावा.

महाराष्ट्रात कंपनीच्या नावावर पेट्रोल-डिझेल कार नोंदवली तर मोटार वाहन कर २० टक्क्यांवर जातो. २५ लाखांच्या गाडीला पाच लाख. इलेक्ट्रिकला इथेही शून्य. दुसरं, घसारा, म्हणजे गाडीची दर वर्षी घटणारी किंमत धंद्याचा खर्च म्हणून उत्पन्नातून वजा करणं. साध्या कारला १५ टक्के मिळतो, तर बॅटरीवर चालणाऱ्या वाहनांना आयकर नियमांच्या तक्त्यात ४० टक्क्यांचा दर राहिला आहे. २० लाखांची गाडी ऑक्टोबर उजाडण्याआधी घेऊन वापरात आणली तर पहिल्या वर्षी ८ लाखांचा घसारा, साध्या गाडीवर ३ लाख. वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाला तर निम्माच. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू असल्याने कलमांचे आणि फॉर्मचे क्रमांक बदलले आहेत. ज्या वर्षी गाडी घ्याल त्या वर्षीचा तक्ता सीएला समोर उघडायला लावा.

दोन गोष्टी सीए सांगेलच, पण आधी माहीत असलेल्या बऱ्या. अंदाजित उत्पन्नाच्या योजनेत (उलाढालीचा ठरावीक हिस्सा नफा धरून) रिटर्न भरणाऱ्याला घसारा वेगळा मिळत नाही. आणि कारवर भरलेल्या जीएसटीचं इनपुट क्रेडिट, म्हणजे तो धंद्याच्या जीएसटीतून वळता करून घेणं, साधारणपणे मिळत नाही. प्रवासी वाहतूक, गाड्यांची विक्री किंवा ड्रायव्हिंग स्कूल हाच धंदा असेल तर वेगळं. गाडी अर्धी घरच्या कामाला वापरत असाल तर घसाराही त्या प्रमाणात कापला जातो.

जुनी गाडी देताना, जुनी गाडी घेताना

जुनी गाडी अधिकृत केंद्रात भंगारात काढली की जमा प्रमाणपत्र मिळतं, त्यावर नव्या गाडीच्या मोटार वाहन करात सूट असते. तुमची नवी गाडी इलेक्ट्रिक असेल तर करच नाही, मग सूट कशावर? प्रमाणपत्र फेकू नका. ते हस्तांतर करता येतं, पेट्रोल गाडी घेणाऱ्या नातेवाइकाच्या कामी येईल. डीलरला ते दाखवून कंपनीची स्क्रॅपेज सूट मात्र जरूर मागा.

वापरलेली इलेक्ट्रिक कार घेणाऱ्याला राज्याचं अनुदान नाही. शेजाऱ्याकडून थेट घेतली तर जीएसटी नाही. डीलरकडून घेतली तर त्याच्या नफ्याच्या रकमेवर १८ टक्के लागतो, पूर्ण किमतीवर नाही. बिलात पूर्ण किमतीवर लावला असेल तर तिथेच थांबवा. गाडी परराज्यातली असेल तर तिला एमएच नंबर पडेपर्यंत पूर्ण पैसे देऊ नका, थोडी रक्कम हातात ठेवा.

आणि उलट बाजूने, तुमची बदली बंगळुरूला किंवा आणखी कुठे होणार असेल, तर गाडी वर्षभराच्या आत तिथे नोंदवावी लागते. इलेक्ट्रिकला इथे शून्य कर होता म्हणून तिथेही शून्यच लागेल असं नाही. काही राज्यं महाग इलेक्ट्रिक गाड्यांवर कर घेतात. तिथला दर बदलीचा आदेश हातात पडल्यावर नाही, गाडी निवडतानाच बघून ठेवा.